मुलांच्या मनाचा डॅशबोर्ड कोण बघणार? गोव्यातल्या शाळांच्या मॅनेजमेंटना आणि पीटीएंना खुलं पत्र

चेअरमन साहेब, मॅनेजर, हेडमास्तर, हेडमिस आणि पीटीएवर, म्हणजे पालक-शिक्षक संघावर, निवडून आलेले आमच्यासारखेच पालक, सगळ्यांना नमस्कार.

मी फोंड्यात फार्मसी चालवते, मुलगी अकरावीत आहे. हे पत्र एका शाळेला नाहीये म्हणून खुलं लिहितेय, कारण जे आमच्याकडे आलं ते आज ना उद्या तुमच्याकडे येणारच, किंवा आलंही असेल आणि फीच्या फॉर्मबरोबर तुम्ही सही पण करून टाकली असेल. विषय म्हणजे शाळेतून मुलांच्या फोनवर टाकायला सांगतात ती 'मेंटल वेलनेस'ची ॲपं. माझं म्हणणं थोडक्यात असं की ॲप आणा, हरकत नाही, पण त्याच्यामागे माणूस नसेल आणि मुलाने मनातलं लिहिलेलं शाळेच्या ऑफिसात उघडत असेल, तर ते आणू नका.

फोनवरून मदत मिळण्याला माझा विरोध कसा असेल, मी तर रोज काउंटरवर बघते की माणसांना आडोसा किती लागतो. कुडचड्याचा माणूस, डिचोलीची बाई, एवढ्या लांबून फोंड्यात गोळ्या घ्यायला का येतात, त्यांच्या गावात फार्मसी नाही का? आहे की. पण तिथला फार्मसीवाला मामाचा शेजारी निघतो. चिठ्ठी अशी दुमडून पुढे करतात की बांबोळीच्या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलचं नाव आतल्या घडीत राहील, आणि पिशवी कागदाचीच पाहिजे, आतलं दिसणारी नको. मी नाव विचारत नाही, ते सांगत नाहीत, वर्षानुवर्षं असंच चाललंय. आपल्याकडे 'बांबोळीला नेलं' एवढं म्हटलं तरी काय ते सगळ्यांना कळतं, आणि ज्याला नेलं त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत ते कळत राहतं. अशा जागी कोणाला रात्री खोलीचं दार लावून, 'कोणाचो रे तूं' हा प्रश्न न येता, कोणाशी तरी बोलता आलं तर ती लहान गोष्ट नाही. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, पलीकडे ट्रेनिंग घेतलेलं माणूस. किती शाळांच्या नोटीस बोर्डावर हा नंबर आहे? आमच्या शाळेच्या बोर्डावर तरी मला दिसलेला नाही, स्कूल बॅगांच्या दुकानाची जाहिरात मात्र आहे.

गरज किती आहे त्याबद्दल उगाच आकडे फेकत नाही, एकच सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. ते सर्वे बारा राज्यांत झालं, गोवा त्यात नव्हतंच. तरी पन्नासच्या वर्गात तीन-चार मुलं असा हिशोब मनाशी धरा आणि मग आपल्या शाळेत काउन्सेलर आठवड्यातून किती वेळ असते ते आठवा. ती बिचारी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत स्कूटरवरून फिरतेय, तिला बसायला स्टाफरूमच्या शेजारची स्टोअररूम दिलीय, आत जाणारं मूल सगळ्या टीचर्सना दिसतं. मग मूल जाणारच नाही ना. त्यामुळे कंपनी येऊन म्हणते की आमचं ॲप प्रत्येक मुलाच्या खिशात चोवीस तास, तेव्हा मॅनेजमेंटला ते स्वस्त आणि सोपं वाटतं, हे मला समजतं.

आता पीटीएच्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगते. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावलेला, कंपनीकडून एक तरुण मुलगा आलेला, बोलायला एकदम गोड. स्क्रीनवर ॲपचा डॅशबोर्ड, इयत्तावार चौकोन आणि चौकोनात ठिपके, हिरवे, पिवळे, लाल. एक ठिपका म्हणजे एक मूल. नावं दिसत नाहीत, फक्त कोड दिसतो, असं तो म्हणाला. मग कर्सर एका लाल ठिपक्यावर नेला तर बाजूला पाटी उघडली, मुलगी, अकरावी सायन्स, बस रूट अमुक, झोप कमी, मूड खाली, शेवटचं लॉगिन रात्री १.४०. हा डेमोचा डेटा आहे, खऱ्या मुलांचा नाही, असं त्याने परत परत सांगितलं. माझ्या मागच्या रांगेतून एक बाप उठला आणि म्हणाला, "आमच्या भुरग्याचो रंग खंयचो तें आमकां केन्ना कळटलें?" म्हणजे आमच्या मुलाचा रंग कोणता ते आम्हाला कधी कळणार, आणि हॉलमधल्या निम्म्या माना हलल्या. मुलांना हे सांगितलंय का, हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की ॲडमिशनच्या फॉर्मवर पालकांची संमती घेतलेली आहे. घरी येऊन फॉर्मची झेरॉक्स काढून बघितली, तर 'शाळेच्या सर्व उपक्रमांना माझी संमती आहे' अशी एक ओळ आणि पुढे टिक. म्हणजे स्पोर्ट्स डे, पिकनिक आणि पोरीच्या मनातलं, सगळ्याला मिळून एकच टिक.

नाव काढलं की माहिती निनावी झाली, हे मुंबईत कदाचित चालत असेल. गोव्यात चालत नाही हो. अकरावी सायन्स, मुलगी, सावईवेऱ्याहून येणारी बस, एवढं कळलं की स्टाफरूममध्ये चहा संपायच्या आत नाव निघतं, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या आजोळी पोचतं. अख्ख्या राज्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख, त्यात आपली आडनावं वाडा सांगतात आणि वाडा घर सांगतो. त्यामुळे कंपनी 'अनोनिमाइज्ड' म्हणाली की मॅनेजमेंटने विचारायला पाहिजे की एका गटात किती मुलं दाखवताय, आणि गट लहान असेल तर आकडा लपवताय का. वर्गाचा एकूण अंदाज ऑफिसला द्या, परीक्षेच्या आधी मुलं झोपत नाहीयेत एवढं कळलं तरी टाइमटेबल बदलता येतं. एकेका मुलाचा ठिपका ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कशाला पाहिजे? क्लार्क, पीटी सर, बदली टीचर, कोणाच्या नजरेस पडेल सांगता येत नाही, आणि पुढे कॅरेक्टर सर्टिफिकेट लिहिताना हेच डोक्यात असणार.

त्याहून मोठी काळजी मला दुसरी आहे. अशा बऱ्याच ॲपांत सुरुवातीला जे प्रश्न विचारतात ते पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीतले किंवा तिच्यासारखे असतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन, बेरीज जास्तीत जास्त २७. चाळणी म्हणून चांगलं साधन आहे, जगभर वापरतात. त्यातला नववा प्रश्न मात्र बाकीच्या आठांसारखा नाही, तो जगणं नकोसं वाटण्याबद्दल आणि स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे. दवाखान्यात कागदावर हा फॉर्म भरला तर डॉक्टर किंवा नर्स पेशंट खुर्चीवर असतानाच नवव्या उत्तराकडे बघते, आणि शून्याच्या वर काही असलं तर त्याला तसं घरी पाठवत नाही, बसवून बोलते. आता तोच प्रश्न एखाद्या मुलीने शनिवारी रात्री साडेअकराला अंथरुणात पडून फोनवर टिक केला तर काय होतं? मी त्या कंपनीच्या मुलाला हेच विचारलं. तो म्हणाला, सिस्टीम अलर्ट जनरेट करते आणि स्कूल ॲडमिनला मेल जातो. स्कूल ॲडमिन म्हणजे कोण? ऑफिसमधला क्लार्क. तो मेल कधी उघडतो? सोमवारी, असेंब्ली झाल्यावर, आणि सोमवारी सेंट झेवियरचं फेस्त असेल तर मंगळवारी.

प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायला कोणी ठेवायचं नाही, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण मुलाने एकदा धीर करून खरं सांगितलं आणि पलीकडून 'थँक यू फॉर शेअरिंग' आणि एक श्वासाचा व्हिडिओ आला, तर ते पुढच्या वेळी कोणालाच सांगणार नाही, आईला पण नाही.

आणि यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की या गोष्टी नीट कशा करायच्या ते शिकायला आपल्याला कुठे लांब जायची गरज नाही. संगाथ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९६ साली गोव्यातच सुरू झाली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी जे करून बघितलं ते जगातल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये, लॅन्सेटमध्ये, छापून आलंय, एकदा २०१० ला आणि पुन्हा २०१७ ला. डॉक्टर नसलेली, मानसशास्त्राची डिग्री नसलेली आपल्यातलीच माणसं निवडायची, त्यांना नीट ट्रेनिंग द्यायचं, वरून देखरेख ठेवायची आणि त्यांनी डिप्रेशनच्या पेशंटशी सहा ते आठ बैठका बोलायचं. २०१७ च्या अभ्यासातल्या पद्धतीचं सूत्र अगदी साधं आहे, मन लागलं की काम करू असं म्हणत बसायचं नाही, छोटं काहीतरी काम करायला घ्यायचं, मन मागून येतं. माणसं बरी झाली. तिथेही पीएचक्यू-९ च वापरला होता, फरक एवढाच की समोर माणूस बसलेलं होतं. त्याच संस्थेने शाळकरी मुलांसाठी फोनवरचा एक गेम पण केला, पॉड ॲडव्हेंचर्स, त्यात प्रॉब्लेम कुठला, पर्याय काय काय आणि मग करून बघ अशा पायऱ्या आहेत, आणि तो गेम गोव्यातल्या शाळांत वापरला तेव्हा मुलांच्या सोबत मदतीला माणूस होतं. पुढे मध्य प्रदेशात आशा वर्करना हीच समुपदेशनाची पद्धत स्मार्टफोनवरून शिकवली. हे मला फार पटतं. फोनचा खरा उपयोग इथे आहे, दूरच्या गावातली बाई फोनवर शिकून तयार होते आणि मग तिच्या वाड्यावर दहा जणांशी समोर बसून बोलते. शाळांनी पण फोन आधी टीचर्सच्या आणि काउन्सेलरच्या ट्रेनिंगला वापरावा, मुलांच्या खिशाचं नंतर बघू.

चॅटबॉटबद्दल, म्हणजे फोनवर आपल्याशी लिहून बोलणाऱ्या यंत्राबद्दल, घरात माझं आणि मुलीचं रोज वाजतं. ती म्हणते, मम्मी, तुझ्यापेक्षा तो बरा ऐकतो, मधे बोलत नाही. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी थेराबॉट नावाचा बॉट २१० मोठ्या माणसांवर तपासला, २०२५ ला निकाल छापला, डिप्रेशनची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाली. चांगली बातमी आहे. पण पुढचं कोणी सांगत नाही, की तो बॉट त्यांनी खास याच कामासाठी वर्षानुवर्षं तयार केला होता आणि तपासणीच्या काळात संशोधक मेसेजवर लक्ष ठेवून होते, गरज पडली तर मधे पडायला. उलट तिथल्याच एका खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ ला आपला टेसा नावाचा बॉट बंद केला, कारण ज्यांना न खाण्याचा आजार त्यांनाच तो वजन कमी करायच्या टिप्स देत होता. वोबॉट, एवढं नाव झालेलं ॲप, ते जून २०२५ ला बंदच पडलं. कंपनी बंद झाली की ज्या मुलाने दोन वर्षं त्याच्याशी रोज बोलून काढली त्याने काय करायचं? आणि आजचे जे सगळ्या कामाचे बॉट आहेत त्यांना हो ला हो म्हणायची सवय, कारण माणूस खूश झाला की परत येतो. मूल म्हणालं की सगळे माझ्याविरुद्ध आहेत, तर बॉट म्हणणार तुला असं वाटणं साहजिक आहे. चांगली काउन्सेलर एखाद्या वेळी म्हणते, थांब जरा, तुझी मैत्रीण काल कशासाठी आली होती मग?

आणखी एक हिशोब बघा. काउन्सेलरचं काम झालं हे कशावरून कळतं, तर मूल यायचं बंद होतं, कॉरिडॉरमध्ये भेटलं की हसतं आणि मैदानावर पळतं. ॲप कंपनीचं यश मोजतात ते रोज किती मुलांनी उघडलं त्यावर, म्हणून मग स्ट्रीक (सलग किती दिवस उघडलं त्याची मोजणी), बॅज, 'आज तू मूड भरला नाहीस' असं नोटिफिकेशन. मनाला बरं वाटावं म्हणून आणलेलं ॲप आणि ते चुकलं म्हणून पोरगी कावरीबावरी, हे मी घरात बघितलंय.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, हात पसरलेला आणि समोर बाई कोसळतेय. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढलेत. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला आपला माणूस, पॅरिसमध्ये जाऊन हिप्नॉटिझमचे प्रयोग लोकांसमोर करायचा. त्या काळी बाकीचे सांगत होते की आमच्या अंगातून चुंबकासारखी काहीतरी शक्ती वाहते आणि ती रोग्याला बरं करते. फारियाने उघड सांगितलं की माझ्यात काही शक्ती नाही, जे होतं ते समोरच्या माणसाच्या मनात होतं, त्याच्या एकाग्रतेने होतं. हे सांगून त्याचं दुकान वाढलं नाही, लोकांनी टिंगल केली, १८१९ ला बिचारा तसाच गेला. तरुणपणी प्रवचनात अडखळलेल्या फारियाला वडिलांनी खालून 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी' म्हटलं आणि त्याची भीती पळाली, ही गोष्ट तर आपल्या पोराटोरांना पाठ असते. शब्दात किती ताकद असते ते गोव्याला दोनशे वर्षांपूर्वीपासून माहिती आहे, आणि ती ताकद वापरणाऱ्याने आपण कोण आणि काय करतोय ते समोरच्याला खरं सांगायला पाहिजे, हेही आपल्याच माणसाने दाखवून दिलंय. मग रात्री मुलाला 'मला तुझं दुःख समजतं' असं लिहिणाऱ्या यंत्राने निदान दर वेळी 'मी यंत्र आहे, मला दुःख होत नाही, तुला माणूस हवा असेल तर हा नंबर' एवढं तरी म्हणावं की नको?

माहिती फुटली तर काय होतं ते पण सांगते, म्हणजे मी उगाच घाबरवतेय असं वाटायला नको. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची सायकोथेरपीची मोठी संस्था होती. तिथले सुमारे ३३ हजार पेशंटचे रेकॉर्ड चोरीला गेले आणि २०२० ला चोराने थेट पेशंटना मेल पाठवले, पैसे दे नाहीतर तू थेरपिस्टला काय सांगितलंस ते इंटरनेटवर टाकतो. टाकलं पण. एटीएमचा पिन बदलता येतो, लहानपणी काय झालं ते सांगितलेलं कुठे बदलणार. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या कंपनीत तर चोराची पण गरज पडली नाही. माहिती गुप्त राहील असं सांगून घेतलेले ईमेल आणि प्रश्नावलीची उत्तरं फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना जाहिरातींसाठी दिली म्हणून तिथल्या सरकारी आयोगाने २०२३ ला ७८ लाख डॉलर भरायला लावले. ही मोठी, नावाजलेली, वकील बाळगणारी मंडळी. आपल्या शाळेत येणारी कंपनी कोणत्या सर्व्हरवर ठेवते, किती वर्षं ठेवते, विकली गेली तर डेटा कोणाच्या मालकीचा, मॅनेजमेंटमधल्या कोणी हे विचारलंय?

कायद्याचं थोडं बघितलं मी, वकील नाही, पण वाचता येतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क देतो आणि कलम २४ मध्ये म्हणतो की डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही तो लागू आहे. पण ॲपवाले अटींत बारीक अक्षरात लिहून ठेवतात की आम्ही उपचार करत नाही, फक्त वेलनेस, म्हणजे जाहिरातीत डॉक्टर आणि अटींमध्ये योगा क्लास. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला, त्यात १८ च्या खालचं मूल असलं तर पालकांची पडताळता येणारी संमती पाहिजे, मुलांच्या वागण्यावर पाळत नको, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती नकोत, त्यांच्या भल्याला बाधेल असं काही नको. छान आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलीय, आणि शाळांना शिक्षणाच्या कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाळतीच्या बंदीतून सूट ठेवलीय. 'सुरक्षिततेसाठी' या शब्दात काय काय बसवता येईल याचा विचार करा. म्हणून मी कायद्याच्या भरवशावर न बसता तुम्हालाच लिहितेय, सूट मिळाली म्हणजे ती वापरलीच पाहिजे असं कुठे आहे.

दुसरीकडे सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या केसमध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट पाहिजे, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर व्यवस्था पाहिजे, टीचिंग आणि नॉन-टीचिंग स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग पाहिजे, टेली मानससारखे नंबर दिसतील असे लावायला पाहिजेत. ॲप घेतलं की यातलं काही सुटतं, असं त्यात मला कुठे दिसलं नाही. त्यामुळे कोणत्या मॅनेजमेंटने ॲपचं बिल दाखवून काउन्सेलरची जागा भरायचं टाळलं तर पीटीएने हा निकाल काढून टेबलावर ठेवावा.

तर आता मागणं. काउन्सेलरची खोली आधी, तिला दार असलेली, स्टाफरूमपासून लांब. ॲप आणायचंच असेल तर त्यातली एकेका मुलाची माहिती फक्त काउन्सेलरला दिसावी, ऑफिसला नाही, हेडमिसना नाही आणि पालकांना पण सरसकट नाही, जिवाला धोका असेल तेवढीच वाट उघडी, आणि ती वाट कशी उघडेल, कोण कोणाला फोन करेल, रात्री आणि सुट्टीत कोण, हे नावानिशी कागदावर. नववा प्रश्न विचारणार असाल तर पलीकडे त्या क्षणी माणूस पाहिजे, तुमच्याकडे नसेल तर तो फोन सरळ १४४१६ ला जोडला जावा. संमतीचा कागद वेगळा, मराठीत, कोंकणीत आणि इंग्लिशमध्ये, आणि मुलाची पण सही, नाही म्हणायची मुभा असलेली, नाही म्हटलं म्हणून इंटर्नलचे मार्क कमी होणार नाहीत असं लिहिलेली. बारावी झाली की डेटा पुसला हे कंपनीने लेखी द्यावं. आणि ॲपने आमच्या पोरांची भाषा समजून घ्यावी, ती अर्धं कोंकणी, थोडं मराठी, इंग्लिश स्पेलिंगमध्ये टाइप करतात, बॉटला ते कळलं नाही की तो हवामानाबद्दल बोलायला लागतो.

पालकांनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. मीटिंग सुटल्यावर पार्किंगमध्ये दोघीतिघी मला म्हणाल्या की तुझं बरोबर आहे पण आपल्याला पासवर्ड मिळाला तर बरं होईल ना, नजर ठेवता येईल. मुलगी मैत्रिणीशी बोलते ते तुम्ही दाराआडून ऐकता का? ऐकत असाल तर तिला माहिती आहे, आणि ती आता दुसरीकडे जाऊन बोलते. पासवर्ड मागू नका. जेवताना फोन बाजूला ठेवा, तुमचा पण, बाजारातून येताना तिला स्कूटरवर मागे बसवून आणा, मागे बसलेली मुलं जास्त बोलतात, तोंड दिसत नाही म्हणून. आणि सरांनो, टीचर्सना यात धरून मारू नका, त्यांच्यावर आधीच इलेक्शन ड्युटी, सर्वे आणि पोर्टल भरायचं ओझं आहे, वर हा डॅशबोर्ड पण त्यांनीच बघायचा म्हटलं तर कोणीच बघणार नाही.

गणेश चवथीच्या सुट्टीच्या आधी पीटीएची मीटिंग असते. आमच्या शाळेला मी प्रश्नांचा कागद दिलेला आहे, ज्या पालकांना तो हवा त्यांनी वरचा मागण्यांचा भाग जसाच्या तसा उतरवून आपल्या शाळेच्या नावाने द्यावा, माझं नाव घालायची गरज नाही. मॅनेजमेंटला विनंती की उत्तर कागदावर द्यावं, सही-शिक्क्यासह, व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा दाखवून नको.

आपली,
अकरावीतल्या मुलीची आई, फोंडा